पादोव्हाच्या संत अंतोनीकडे एका दिवसात

इटलीतल्या पादोव्हात कुणाला रस्ता विचारलात तर ‘संत अंतोनीचं चर्च’ म्हणू नका, नुसतं ‘इल सांतो’, म्हणजे ‘संत’, म्हणा. या गावात संत म्हटला की एकच, त्याला नाव लागत नाही.

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवरून जलद रीजनल गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते. साधी पकडलीत तर पाऊण तास सहज जातो. कागदी तिकीट घेतलं असेल तर फलाटावरच्या यंत्रात छाप मारायचा, मगच डब्यात पाय ठेवायचा. मी एकदा विसरले आणि टीसी दिसेपर्यंत संताचाच धावा करत बसले. पादोव्हाच्या स्टेशनपासून बॅसिलिका, म्हणजे संताचं मोठं चर्च, दोनेक किलोमीटर. आई बरोबर होती म्हणून आम्ही ट्राम घेतली आणि ‘सांतो’ थांब्यावर उतरलो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात एक ओढणी जवळ असू द्या.

आत गेल्यावर सरळ डावीकडे समाधीच्या चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनास्थळात, जा. भिंतींवर संताच्या चमत्कारांची नऊ संगमरवरी शिल्पं आहेत, पण ती मागाहून बघा. आधी रांगेत उभं राहून समाधीच्या मागच्या बाजूला या. लोक तिथल्या शिळेवर तळहात टेकवतात, डोळे मिटतात, ओठ हलतात. पंढरपूरला पायांवर डोकं टेकवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आजूबाजूला बाळांचे, अपघातातल्या गाड्यांचे, दवाखान्यातल्या खाटांचे फोटो लावलेले असतात. इटालियन नवसफेड ती हीच. मागे रांग असते, हात फार वेळ ठेवू नका. आईने ठेवला, कुणी काही बोललं नाही.

मग मुख्य वेदीच्या मागे, संताचे अवशेष जपलेल्या चॅपेलमध्ये जा. १२६३ साली शवपेटी उघडली तेव्हा संताची जीभ शाबूत निघाली म्हणतात. तो नावाजलेला प्रवचनकार होता ना! सोन्याचा मुलामा दिलेल्या नक्षीदार पात्रात ती ठेवलेली आहे. बघून अंगावर काटा येईल, येऊ द्या.

‘संत अंतोनीची भाकर’ म्हणजे गरिबांसाठी दिलेलं दान. कथा अशी, की बुडालेल्या मुलासाठी एका आईने त्याच्या वजनाइतकं धान्य गरिबांना देण्याचा नवस बोलला आणि मूल उठून बसलं. आपल्याकडची तुलाच की ही! दानपेटीत टाकायला सुटे युरो ठेवा.

वार निवडता येत असेल तर मंगळवार. १३ जून १२३१ला, शुक्रवारी, संत वारला आणि दफन मंगळवारी झालं, म्हणून तो त्याचा वार. १३ जूनच्या सणाला मिरवणूक असते, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्या दिवशी नको.

बाहेरचा चौक शिल्पकार दोनातेल्लोच्या ब्राँझच्या घोडेस्वारासाठी, सेनापती गात्तामेलाताच्या पुतळ्यासाठी, ओळखला जातो. तो जागेवर असेल तर मान वर करून एकदा बघा आणि प्रातो देल्ला व्हाल्लेच्या मोठ्या मैदानात बसून डबा खा. चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रं बघायची असतील तर स्क्रोव्हेन्यी चॅपेलची वेळ घरूनच आरक्षित करा आणि ती दुपारची घ्या. सकाळची घेतलीत तर समाधीपाशी सारखं घड्याळाकडे लक्ष जाईल.