पावसाळी रात्रीचे बेडूक: आंबोलीत मॅक्रो फोटो कसे काढावेत

मृगाचा पाऊस धरला की आंबोलीच्या पठारावर जांभ्या दगडातले खळगे भरतात आणि आंबोली टोड विणीसाठी बाहेर पडतो. तीन सेंटीमीटरच्या आसपासचा हा भेक शास्त्रासाठी नवा म्हणून २००९ मध्ये नोंदला गेला. जगातल्या अत्यंत संकटग्रस्त प्रजातींत तो मोडतो, आणि त्याची वीण पहिल्या जोरदार सरींनंतरच्या मोजक्या दिवसांत उरकते. तो हवा असेल तर जूनचा पहिला-दुसरा आठवडा गाठावा लागतो. उडता मलबारी बेडूक हवा असेल तर घाई नको. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत डबक्यांवर झुकलेल्या फांद्यांवर तो आणि त्याची पांढऱ्या फेसाची घरटी दिसतात. झुडपी बेडकांचं टिकटिकणं पावसाळाभर ऐकू येतं, आणि चापडा हा विषारी साप त्याच बेडकांच्या आशेने दिवसेंदिवस एकाच फांदीवर बसलेला असतो.

या सगळ्यांच्या फोटोंचं एकच सूत्र आहे: हलवायचा तो प्रकाश, प्राणी नाही. बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणं, फांदी वाकवून खाली बांधणं, साप काठीने मोकळ्या जागी आणणं, हे सर्रास चालतं आणि फोटोत ओळखूही येतं. पान फारच स्वच्छ असतं, बेडकाचे पाय अवघडलेले असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पकडणंही येतं, हे जाणाऱ्याने आधी वाचून ठेवावं. राखीव जंगलात रात्री शिरायला वनखात्याची परवानगी लागते. ती नसेल तर गावातला माहीतगार वाटाड्या घेऊन परवानगी असलेल्या भागातच फिरावं. फोटो तिथेही पुष्कळ मिळतात.

साहित्य

९० ते १०५ मिलिमीटरची, १:१ मोठेपणा देणारी, म्हणजे प्राणी सेन्सरवर खऱ्या आकारात उमटवणारी मॅक्रो लेन्स सर्वांत सोयीची. १:१ वर तिच्या पुढच्या काचेपासून प्राण्यापर्यंत साधारण १३ ते १५ सेंटीमीटर उरतात, फ्लॅशचा प्रकाश आत पोचायला तेवढी जागा पुरते. ६० मिलिमीटरच्या लेन्सने बेडकाच्या अंगावर जावं लागतं आणि आपलीच सावली पडते. सापासाठी मात्र १०० सुद्धा कमीच. तिथे ७०-२०० किंवा ३०० मिलिमीटरची लेन्स लावून किमान दीड मीटर दूर राहावं.

फ्लॅश एकच पुरतो, पण तो कॅमेऱ्यापासून सुटा करता आला पाहिजे, केबलने किंवा ट्रिगरने. त्यावर डिफ्युझर हवाच. बेडकाची ओली कातडी आरशाइतकी चमकते. उघड्या फ्लॅशचा प्रकाश पडला की पाठीवर पांढरे ठिपके उठतात आणि त्याखालचा रंग कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. डिफ्युझर प्राण्याच्या मानाने मोठा आणि जवळ असला की प्रकाश मऊ होतो. वीस बाय पंचवीस सेंटीमीटरचा, दुधी प्लास्टिकच्या फाईल-कव्हरचा घरगुती डिफ्युझर उत्तम काम देतो. कागद वापरू नका, तासाभरात भिजून लोंबतो.

याशिवाय चालायला एक जोरदार हेडटॉर्च, फोकससाठी मंद होणारी दुसरी टॉर्च, गुडघ्याखाली ठेवायला छोटी चटई, दोन-तीन कोरडे सुती पंचे, जादा बॅटऱ्या आणि छत्री. छत्री काळी किंवा पांढरी असावी. लाल-निळ्या छत्रीखाली फ्लॅश मारला की बेडकाच्या पाठीवर तोच रंग उतरतो आणि कारण समजायला बराच वेळ जातो. कॅमेऱ्याला महागडं रेनकव्हर नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, लेन्सच्या हूडभोवती रबरबँडने बांधा, मागून हात घाला.

कॅमेरा लावणं

सगळं मॅन्युअल ठेवा. शटर १/२००, छिद्र एफ/११, आयएसओ ४००, फ्लॅश १/१६ शक्तीवर. इथून सुरुवात करून फक्त फ्लॅशची शक्ती वरखाली करा. रात्री टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची शक्ती कॅमेऱ्यानेच ठरवण्याच्या सोयीवर, विसंबू नका. चौकटीचा मोठा भाग काळा असतो, तो उजळवायला कॅमेरा फ्लॅश वाढवतो आणि बेडूक पांढराफटक होतो. १/१६ सारख्या कमी शक्तीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, त्यामुळे हात थोडा हलला तरी चित्र धारदार येतं. बॅटरी टिकते आणि फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो, हा वरचा फायदा.

एफ/११ च का, याला हिशोब आहे. फुलफ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मोठेपणाला एफ/११ ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा असतो. १:२ ला तो चार मिलिमीटर होतो, १:४ ला तेरा. छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक करून खोली वाढवावी असं वाटतं, पण मोठेपणा वाढला की छिद्र प्रत्यक्षात आणखी बारीक वागतं. १:१ वर एफ/२२ हे एफ/४४ सारखं होतं आणि प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना पसरण्याने, सगळंच पुसट दिसतं. त्यापेक्षा थोडं मागे या. तीन सेंटीमीटरचा झुडपी बेडूक १:२ वर सव्वासात सेंटीमीटर रुंदीच्या चौकटीत बसतो, आजूबाजूचं पानही येतं. सहा-सात सेंटीमीटरच्या उडत्या बेडकाला १:३ किंवा १:४ भरपूर.

फाईल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घ्या. उडत्या बेडकाचा हिरवा रंग फार लवकर फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे उडतात. हिस्टोग्रॅममध्ये एकत्रित आलेख न पाहता हिरव्याचा वेगळा आलेख पाहा आणि तो उजव्या भिंतीला टेकत असेल तर फ्लॅश एक तृतीयांश स्टॉपने उतरवा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा. अंधारात प्रखर स्क्रीनवर काळवंडलेला फोटोही छान दिसतो, घरी आल्यावर पंचाईत होते.

बेडूक शोधणं

ओरडणारा झुडपी बेडूक कानाला एका जागी वाटतो आणि असतो भलतीकडे. दोघांनी तीन-चार मीटर अंतरावर उभं राहावं, आवाज येईल त्या दिशेला एकाच वेळी टॉर्च रोखावी. झोत जिथे एकमेकांना छेदतात तिथली पानं तपासावीत, खालच्या बाजूने सुद्धा. टॉर्च पडताच नर गप्प होतो. मग सगळे दिवे बंद करून दोन ते पाच मिनिटं थांबायचं. बहुतेक वेळा शेजारचा नर आधी सुरू करतो आणि हा त्याला उत्तर देतो. आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला डिवचू नका. विणीच्या मोजक्या रात्रींतली त्याची ताकद नसलेल्या प्रतिस्पर्ध्यावर खर्च होते.

फुगलेली स्वरपिशवी टिपायची तर त्याआधीच फोकस पक्का हवा. मंद उजेडात डोळ्यावर फोकस करा, ऑटोफोकस बंद करा, टॉर्च आणखी मंद करा किंवा तिच्यावर लाल जिलेटीन लावा, आणि त्याच्या लयीवर कान ठेवून पिशवी फुगायला लागताच बटण दाबा. पूर्ण फुगलेली दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. मंद उजेडाचा आणखी एक फायदा: अंधारात बेडकाची बाहुली मोठी उघडलेली असते. प्रखर टॉर्चमध्ये ती आकसून रेघ होते आणि डोळा निर्जीव दिसतो.

कॅमेरा बेडकाच्या डोळ्याच्या पातळीला आणा. त्यासाठी बहुधा चटई टाकून आडवं व्हावं लागतं. बाजूने फोटो घेताना सेन्सर त्याच्या शरीराला समांतर ठेवला तर डोळा, कुशी आणि मागचा पाय एकाच पट्ट्यात येतात. समोरून घेताना दोन्ही डोळे स्पष्ट आले तर बाकीचं पुसट चालतं.

धुकं, थेंब आणि काळी पार्श्वभूमी

आंबोलीत सर्वांत जास्त फोटो धुक्यामुळे वाया जातात. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश लेन्ससमोरचं धुकं आणि थेंबच आधी उजळवतो, चौकटभर पांढरे गोळे येतात. उपाय म्हणजे फ्लॅश लेन्सच्या रेषेतून बाहेर काढणं. तो हाताच्या अंतरावर बाजूला किंवा वर धरा, तोंड प्राण्याकडे, म्हणजे लेन्स आणि प्राणी यांच्यामधल्या हवेवर कमी प्रकाश पडतो. अंतर जितकं कमी तितकं मधलं धुकं कमी. दाट धुक्यात मीटरभराच्या पलीकडे फ्लॅशचा नाद सोडलेला बरा. पाऊस चालू असेल तर सोबत्याने छत्री प्राण्यावर नव्हे, लेन्सपुढच्या मोकळ्या जागेवर धरावी. बेडकाला पाऊसच हवा असतो.

काळीकुट्ट पार्श्वभूमी ही दुसरी तक्रार. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, मागे काही नसेल तर काळंच येणार. बेडूक हलवता येत नाही, पण आपण हलू शकतो. चार-सहा इंच सरकून मागे दहा-पंधरा सेंटीमीटरवर एखादं पान येईल असा कोन शोधा. दुसरी वाट संध्याकाळची. जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, आणि पुढची वीसेक मिनिटं आकाशात निळसर उजेड असतो. तेव्हा आयएसओ १६००, शटर १/३०, छिद्र एफ/८ आणि फ्लॅश १/६४ ठेवलं तर बेडूक फ्लॅशने गोठतो आणि मागचं डबकं, झाडी, धुकं नैसर्गिक उजेडात उतरतं. आमच्या मते आंबोलीतला सर्वांत सुंदर फोटो याच वीस मिनिटांत मिळतो, पण लोक त्या वेळी चहा पीत बसलेले असतात.

मोबाईलवाल्यांनी मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवावा. सोबत्याने टॉर्चपुढे दुधी प्लास्टिक धरून बाजूने उजेड द्यावा, आणि अगदी जवळ न जाता दुप्पट झूमची लेन्स वापरावी. आंबोली टोडसारख्या जमिनीवरच्या भेकासाठी मोबाईल उलटा धरला की लेन्स जमिनीलगत येते, हे मोठ्या कॅमेऱ्याला जमत नाही.

कधी थांबायचं

एका बेडकामागे पाच मिनिटं आणि दहा-बारा फोटो पुरे. अंग चपटं करणं, डोळे आत ओढणं, पाठ फिरवणं ही ‘आता पुरे’ची खूण. जोडीत असलेले नर-मादी आणि फेसाची घरटी यांपासून अंतर राखा. घरट्याची फांदी वाकवली आणि ते पाण्यावरून सरकलं तर पुढे बेडूकमासे जमिनीवर पडून मरतात. हाताला लावलेलं डासांचं मलम बेडकाच्या कातडीतून सरळ आत जातं, म्हणूनही स्पर्श नको. त्यातलं डीट हे रसायन कॅमेऱ्याच्या प्लास्टिकलाही खातं, तेव्हा ते तळहातांना लावूच नका. दुसऱ्या डबक्यावर जाण्याआधी बुटांचा चिखल धुऊन घ्या, बेडकांचे बुरशीजन्य रोग ओल्या चिखलातून पसरतात.

पहिल्या पावसात टोड रस्त्यावरही येतात आणि चाकांखाली चिरडले जातात. गाडी आधीच लावून चालत जा, तेही पुढे उजेड टाकत.

चापड्याचं डोकं मागे ओढलं जाऊन मान इंग्रजी एसच्या आकारात आली, किंवा शेपटी थरथरू लागली, की मागे सरा. खरा धोका मात्र फुरशाचा: लहान, तपकिरी, जांभ्याच्या कपारीत बसलेलं. गमबूट घाला, गुडघा टेकण्याआधी जमीन उजेडात पाहा, डोळा कॅमेऱ्याला असताना हात झुडपात घालू नका. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर चालतं. चापड्याच्या विषावर वेगळं औषध उपलब्ध नाही. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं टाळा, अवयव स्थिर ठेवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. जवळचं कुठलं, हे आधीच विचारून ठेवा.

परतल्यावर

वातानुकूलित गाडीतून बाहेर काढलेल्या थंड लेन्सवर लगेच वाफ धरते. ती पुसत बसू नका, अर्धा तास बंद पिशवीतच बाहेरच्या हवेत राहू द्या. खोलीवर आल्यावर बॅटरी आणि कार्ड काढा, कॅमेरा पंच्याने टिपा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. ओला कॅमेरा बॅगेत बंद राहिला तर लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती साफ करायला लेन्स उघडावी लागते.

झुडपी बेडकांच्या प्रजाती केवळ फोटोवरून ओळखणं अवघड असतं. मोबाईलवर अर्धा मिनिट आवाज ध्वनिमुद्रित करा, तो जमिनीपासून किती उंचीवर होता तेही लिहून ठेवा. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना जागा ‘अस्पष्ट’ करण्याचा पर्याय निवडा, आणि समाजमाध्यमांवर टाकायच्या फोटोतली जीपीएसची माहिती काढून टाका. चापडा एकाच फांदीवर अनेक दिवस बसतो, त्यामुळे आज टाकलेला पत्ता उद्या पंधरा जणांना तिथे घेऊन येतो.