एम ८७ दुर्बिणीतून कशी शोधायची आणि त्यात बघायचं काय

एप्रिल-मे मधली अमावस्येच्या आसपासची रात्र पकडा आणि शहराच्या उजेडापासून जमेल तेवढं लांब जा. महाराष्ट्रातून एम ८७ ही गॅलेक्सी (दीर्घिका; 'एम' म्हणजे मेसिएच्या यादीतला नंबर) जवळपास डोक्यावर येते, ऐकायला भारी वाटतं पण डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, हाताने वळवायची दुर्बीण) असेल तर बरोब्बर डोक्यावर ती वळवताना जीव जातो, म्हणून एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेनऊ-दहालाच कामाला लागा, तेव्हा ती पूर्वेला छान वर असते. डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या, मोबाईल खिशातच.

आता शोधायची कशी. सिंहाच्या शेपटीतली उत्तरा फाल्गुनी आणि कन्या राशीतला विंडेमिएट्रिक्स, या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ मनात ओढा आणि कमी पॉवरची आयपीस (डोळा लावायची भिंग-नळी) लावून दुर्बीण रेघेच्या मध्यावर रोखा. तिथे शेजारी शेजारी दोन धुरकट ठिपके दिसतील, त्या एम ८४ आणि एम ८६ या दीर्घिका. इथेच एम ८७ सापडली असं वाटू शकतं, पण अजून थोडं पुढे जायचंय. एम ८६ मध्यभागी घ्या, अर्धा अंश म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं दक्षिणेला (ध्रुवताऱ्यापासून लांब) सरका, ट्रॅकिंग (आकाशाबरोबर दुर्बीण आपोआप फिरवणारी मोटर) असेल तर बंद करा आणि हात न लावता साडेचार मिनिटं थांबा. पृथ्वी फिरते, आकाश सरकतं आणि एम ८७ आपसूक समोर येते. मला ही पद्धत फार आवडते.

पहिल्यांदा बघणारा म्हणतो, अरे हा तर नुसता कापसाचा पुंजका. पण तेच तर बघायचंय! सर्पिल हात नाहीत, धुळीचा काळा पट्टा नाही, मध्ये उजळ आणि बाहेर प्रकाश इतका हळूहळू विरत जातो की कडा कुठे संपली ते सांगताच येत नाही. नजर जरा बाजूला ठेवून बघा, पुंजका लगेच मोठा होतो. नवीन तारे बनायला लागणारा थंड गॅस इथे जवळपास उरलेला नाही, त्यामुळे तारे बहुतेक म्हातारे, पिवळट-लालसर, अर्थात हा रंग डोळ्याला नाही दिसत. आणि हा सगळा प्रकाश साधारण ५.४ कोटी वर्षं प्रवास करून आलाय.

मग पूर्वेकडे सरकून एम ५९ बघा, शेजारी एम ६० पण त्याच फील्डमध्ये (दुर्बिणीत एकावेळी दिसणाऱ्या भागात) मिळते. एम ८७ सारख्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ई० ते ई७ असे नंबर देतात, जितकी चपटी तितका आकडा मोठा. लांबी १० धरली आणि रुंदी ५ भरली तर ई५, १० मधून रुंदी वजा करायची बस्स. एम ८७ जवळपास गोल म्हणून ई० किंवा ई१, एम ५९ मात्र ई५. एकापाठोपाठ एक बघितल्या की फरक जाणवतो.

१९१८ साली हेबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञाला एम ८७ च्या केंद्रातून निघालेली सरळ रेघ फोटोत दिसली, तो जेट, म्हणजे केंद्रातून प्रचंड वेगाने बाहेर फेकला जाणारा झोत. त्याच्या मुळाशी ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचं ब्लॅक होल आहे, १० एप्रिल २०१९ ला फोटो जाहीर झाला तेच. साध्या दुर्बिणीत डोळ्याने जेट दिसायची आशा धरू नका, पण ८ इंची दुर्बीण, ट्रॅकिंग आणि कॅमेरा असेल तर भरपूर छोटे छोटे एक्सपोजर घेऊन स्टॅक करा, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक जोडा. लांब एक्सपोजर दिलं की केंद्र पांढरंफटक होतं आणि जेट त्यातच बुडतो. फोटोत केंद्राच्या वायव्येला बारीक काडीसारखं काही दिसतंय का ते झूम करून बघा.