आयनिक लिक्विडमध्ये लिथियम नक्की कुठे चाललाय, ते कसं बघायचं

बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटचा कंडक्टिव्हिटीचा (वीज वाहून न्यायच्या क्षमतेचा) आकडा चांगला आला की लगेच खूश होऊ नका, आधी तो करंट कोण वाहून नेतंय ते बघा. आयनिक लिक्विड म्हणजे रूम टेंपरेचरला पातळ राहणारं मीठच, लिथियम टाकायच्या आधीपासून त्यात सगळे आयनच आहेत, त्यामुळे इम्पिडन्समधून (एसी व्होल्टेज देऊन रोध मोजण्यातून) निघालेल्या आकड्यात लिथियमचा वाटा अगदी चिमूटभर असू शकतो आणि बॅटरीला कामाचा तेवढाच.

नेहमीचं सॅम्पल घेऊ, ब्युटिल मिथिल पायरोलिडिनियम टीएफएसआय (पायरोलिडिनियम हा पॉझिटिव्ह आयन म्हणजे कॅटायन, टीएफएसआय हा निगेटिव्ह आयन म्हणजे अनायन) आणि त्यात १० मोल टक्के (दर १०० आयन-जोड्यांत १० लिथियमच्या) लिथियम टीएफएसआय. मीठ १२० डिग्रीला व्हॅक्यूममध्ये नीट सुकवा, मिक्सिंग आर्गॉन ग्लोव्हबॉक्समध्येच (हवा आणि ओलावा बाहेर ठेवणारी बंद पेटी) करा आणि कार्ल फिशरवर (पाणी मोजायचं टायट्रेशन) पाणी २० पीपीएमच्या खाली दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पाण्याने व्हिस्कॉसिटी उतरते आणि सगळेच आयन उगाच चपळ दिसायला लागतात.

आता पहिलं मोजमाप रामनचं (लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशातून रेणूंची कंपनं बघणं), हे खूप जण गाळतात आणि मला ते अजिबात पटत नाही, सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त इथेच कळतं. मोकळ्या टीएफएसआयचा पीक ७४२ पर सेंटीमीटरच्या आसपास येतो, लिथियमला धरलेल्याचा ७४८ च्या आसपास. दोन पीक फिट करा. आपल्या सॅम्पलमध्ये एका लिथियममागे १० टीएफएसआय आहेत, तर ७४८ वाल्याचा एरिया साधारण २० टक्के आला (दोन्हींची तीव्रता सारखी धरून) म्हणजे प्रत्येक लिथियमने दोन टीएफएसआय पकडलेत. आता चार्ज मोजा, प्लस एक आणि दोन मायनस एक, एकूण मायनस एक! म्हणजे हा गठ्ठा अख्खा सरकला तर चार्जिंगच्या वेळी निगेटिव्ह इलेक्ट्रोडकडे जायच्या ऐवजी फील्ड त्याला पॉझिटिव्हकडे ओढणार.

मग पीएफजी एनएमआर, म्हणजे चुंबकीय ग्रेडियंटचे पल्स देऊन आयन किती वेगाने पसरतात (डिफ्युजन) ते मोजणं. लिथियम ७ वर लिथियम, प्रोटॉनवर कॅटायन, फ्लोरिन १९ वर अनायन, तिघांचे डिफ्युजन वेगवेगळे काढा. लिथियमसाठी साध्या प्रोबचा ग्रेडियंट बऱ्याचदा कमी पडतो, डिफ्युजन प्रोब मिळाला तर बघा, आणि डिफ्युजन टाइम (दोन पल्समधला वेळ) बदलून परत मोजा, आकडा हलला तर कन्व्हेक्शनचा संशय घ्या. समजा लिथियम ०.८, कॅटायन २.० आणि अनायन १.५ आलं (सगळे १०⁻¹¹ चौरस मीटर प्रति सेकंद), तर प्रत्येकाचा मोल हिस्सा (०.१, ०.९, १) गुणिले डिफ्युजन धरून लिथियमचा वाटा ०.१ × ०.८ भागिले (०.०८ + १.८ + १.५), म्हणजे जेमतेम ०.०२४. आणि यातही एनएमआरला फक्त हालचाल दिसते, दिशा दिसत नाही, गठ्ठ्यात बसून फिरणारा लिथियमसुद्धा तो प्लस एक म्हणूनच धरतो.

ब्रूस-व्हिन्सेंट पद्धत, म्हणजे लिथियम-लिथियम सेलला १० मिलिव्होल्ट देऊन सुरुवातीचा आणि स्थिरावलेला करंट बघणं, जरूर करा पण त्याला ट्रान्सफरन्स नंबर (एकूण करंटपैकी लिथियमने वाहिलेला हिस्सा) म्हणू नका, ती दोन आयनांच्या पातळ सोल्युशनसाठी आहे आणि इथे आयन तीन आहेत. शिवाय तिच्यात उत्तर निगेटिव्ह येऊच शकत नाही. दिशा बघायची तर इलेक्ट्रोफोरेटिक एनएमआर लागतो, त्यात फील्ड लावून आयन कुठल्या बाजूला सरकतात ते थेट दिसतं. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठाच्या ग्रुपने २०१८ मध्ये इमिडाझोलियमवाल्या मिश्रणांत याच पद्धतीने लिथियम खरंच उलट्या बाजूला जाताना दाखवलाय. सोय नसेल तर मॉलिक्युलर डायनॅमिक्स (कॉम्प्युटरवर आयनांच्या हालचालीचं सिम्युलेशन) करा, पण आयनांवर पूर्ण चार्ज ठेवून साधं फोर्स फील्ड (आयनांमधल्या बलांची सूत्रं) चालवलं तर सगळं गोठल्यासारखं हळू चालतं, पोलरायझेबल मॉडेल (शेजारच्या चार्जमुळे इलेक्ट्रॉन सरकतात ते धरणारं) घ्या किंवा चार्ज ०.८ च्या आसपास स्केल करा. आणि एक लिथियम एकाच टीएफएसआयसोबत किती वेळ टिकतो ते नक्की काढा, गठ्ठा फिरतोय की लिथियम उड्या मारतोय ते त्यातूनच कळतं.

सुधारायचं असेल तर लिथियम कमी नाही, वाढवा. ऐकायला उलटं वाटतं कारण व्हिस्कॉसिटी चढते आणि कंडक्टिव्हिटी पडते, पण ५० मोल टक्क्यांच्या आसपास प्रत्येक लिथियममागे जेमतेम दोनच अनायन उरतात, एकच अनायन दोन-तीन लिथियममध्ये वाटला जातो आणि लिथियम एका अनायनवरून दुसऱ्यावर उडी मारायला लागतो. यासाठी टीएफएसआयपेक्षा एफएसआय (तशाच जातीचा दुसरा अनायन) बरा, तो लहान आहे आणि लिथियमला जरा सैल धरतो. ऑस्ट्रेलियात डीकिन विद्यापीठाच्या लोकांनी अशा घट्ट एफएसआय मिश्रणांवर भरपूर काम केलंय. फक्त मोजताना २५ आणि ५० डिग्री दोन्ही घ्या, घट्ट मिश्रणात २५ ला लिथियम इतका हळू असतो की सिग्नल आधी मरतो आणि डिफ्युजन नंतर दिसतं.