औषधी गांजाबद्दल डॉक्टरांशी बोलायला जाताना

मी मेलबर्नमध्ये फार्मासिस्ट आहे. चिंतेसाठी, झोपेसाठी औषधी गांजा घ्यावा का, हे आपली मराठी माणसं काउंटरवर हळू आवाजात विचारतात. लाजू नका. ऑस्ट्रेलियात २०१६च्या कायद्यानंतर तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतो.

आधी आठवडाभर वहीत लिहा: झोप कधी लागली, धडधड कधी झाली, भीतीपोटी काय टाळलं. नेहमीच्या जीपींकडून (फॅमिली डॉक्टरांकडून) जीएडी-७ ही चिंता मोजणारी ७ प्रश्नांची चाचणी करून घ्या. तिचे गुण ० ते २१. औषधाने खरंच फरक पडला का, हे पुढे याच आकड्याशी ताडता येतं.

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकामुळे भास आणि संशय बळावू शकतात. सीबीडी या दुसऱ्या घटकाने नशा चढत नाही, पण वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढू शकतो. गावाहून आलेली आयुर्वेदिक चूर्णंही यादीत लिहा, ती हमखास राहून जातात.

सिडनी विद्यापीठाच्या क्वेस्ट अभ्यासात औषधी गांजा घेणाऱ्या २,३२७ रुग्णांचं जीवनमान ३ महिन्यांत सरासरीने सुधारलेलं दिसलं. मात्र तुलनेला प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) घेणारा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं औषधाचंच असं म्हणता येत नाही. म्हणून कळकळीने सांगते, समुपदेशन सोडू नका, चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

टीएचसी घेत असाल तर गाडी चालवू नका. भारतात जाताना बाटली बॅगेत टाकू नका; तिथे एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा लागतो. पर्यायी औषधाचं निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला.