अवघड इंग्लिश शब्द: यादी बाजूला ठेवा आणि असं करा

ठाण्याच्या नौपाड्यात क्लास सुटायच्या वेळेला बघा, जीआरई (परदेशातल्या मास्टर्ससाठीची परीक्षा) नाहीतर कॅटवाली (एमबीएच्या प्रवेशाची) पोरं शब्दांची जाडजूड यादी घोकत असतात, 'ए'पासून सुरुवात, आणि 'सी'पर्यंत येता येता परीक्षा उजाडते. अल्फाबेटने लावलेल्या यादीत दिसायला सारखे शब्द शेजारी शेजारी येतात आणि सगळा गुंता होतो. बरं जीआरईमधून अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द), अ‍ॅनालॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं) हे प्रश्न २०११ सालीच गेले, आता शब्द वाक्यात बसवता येतो का तेच विचारतात.

तर शब्द वाचनातूनच घ्या. ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास, एक लांबलचक इंग्लिश लेख आरामात होतो (विंडो सीट मिळाली तर!). अडलेल्या शब्दावर थांबू नका, नुसती खूण करा. तोच शब्द दुसऱ्या कुठल्या लेखात परत भेटला तरच वहीत घ्या, नाहीतर सोडून द्या, सगळे शब्द आपल्याला लागतच नाहीत.

आता खरी मजा, शब्दांची मुळं. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. सोसायटीत ओला-सुका कचरा सेग्रिगेट करा म्हणून बोर्ड असतो ना, ते म्हणजे कळपातून वेगळं काढणं, मार्कशीटवरचं अ‍ॅग्रिगेट म्हणजे सगळे एका कळपात आणणं, ग्रिगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, आणि इग्रीजस म्हणजे कळपाच्या बाहेर उठून दिसणारं, पूर्वी हे चांगल्या अर्थाने म्हणायचे, आता फक्त ढळढळीत वाईट गोष्टीला म्हणतात. बघा, चारातले दोन तुम्हाला आधीच येत होते. तसंच 'लोक्वी' म्हणजे बोलणं, त्यावरून एलोक्वंट (छान बोलणारा), लोक्वेशस (बडबड्या), सॉलिलोक्वी (स्वगत), आणि बोलक्या बाहुल्यांवाला व्हेंट्रिलोक्विस्ट, म्हणजे शब्दशः पोटातून बोलणारा. शब्दांची मुळं सांगणारी एटिमऑनलाइन ही साइट फुकट आहे, तिथे एक शब्द शोधायला जा, तासभर बाहेर येणार नाही.

पण मुळावर आंधळा विश्वास नको, आणि दिसण्यावर तर मुळीच नको. नॉइसमचा नॉइजशी काही संबंध नाही, तो अ‍ॅनॉयच्या घरातला, अर्थ घाणेरडा, दुर्गंधी येणारा. एनर्व्हेट ऐकून वाटतं एनर्जी आली, असतं उलटं, गळून जाणं. रेस्टिव म्हणजे निवांत नव्हे तर चुळबुळ करणारा. असे शब्द वेगळ्या पानावर लिहा, परीक्षावाले नेमके इथेच पकडतात.

उजळणीसाठी अँकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप घ्या, अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. कार्डावर पुढे शब्द आणि मागे अर्थ असं करू नका, त्यात नुसतं 'हो हो माहितीये' वाटतं. पुढे तुम्ही वाचलेलं वाक्य टाका, शब्दाच्या जागी रेघ, मागे शब्द. म्हणजे तो डोक्यातून खेचून काढावा लागतो, आणि तसं केल्यानेच टिकतो. दिवसाला पाच नवी कार्डं पुरे, उजळणी साठत जाते, जास्त घेतली की पंधरा दिवसांत अ‍ॅप उडवाल.

शब्दाचे सोबतीही त्याच कार्डावर लिहा, क्रिटिसिझम स्कॅदिंग (झोंबणारा) असतो, डिफीट इग्नॉमिनियस (नामुष्कीचा) असतो, उलटापालट केली की इंग्रजी लगेच उपरं वाटायला लागतं.

उच्चार मेरियम-वेबस्टरच्या ऑनलाइन डिक्शनरीवर ऐकाच. वाचून शिकलेले लोक एपिटमीला (epitome, उत्तम नमुना) 'एपिटोम' आणि हायपर्बलीला (hyperbole, अतिशयोक्ती) 'हायपरबोल' म्हणतात, इंटरव्ह्यूला फार खटकतं.

आणि वापरायचं कधी? साधा शब्द कमी पडेल तेव्हाच. ऐरोलीच्या ऑफिसात एक्सेलमधल्या टायपोला 'इग्रीजस एरर' म्हणालात तर टीम लीड हसेल, पण सॅलरी स्लिपमध्ये तीन महिने तीच चूक येत असेल तर एचआरच्या मेलमध्ये खुशाल टाका.