पैसा, परदेशी खेळाडू आणि प्रीमियर लीग: हिशेब घरबसल्या कसा मांडाल

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलबद्दल दोन दावे कायम ऐकू येतात: ‘पैसा ओतला की संघ जिंकतो’ आणि ‘परदेशी खेळाडू आणले की संघ जिंकतो’. हे तपासायचं तर आधी कुठला पैसा ते ठरवा. बातम्यांत गाजते ती ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडू घेताना त्याच्या आधीच्या क्लबला दिलेली रक्कम. पण संघाची ताकद पगारांत जास्त दिसते. अकादमीतून वर आलेल्या किंवा करार संपल्यावर आलेल्या खेळाडूची फी शून्य असते, पगार मात्र शून्य नसतो. चेल्सीने २०२२-२३ मध्ये खरेदीवर ५० कोटी पौंडांहून जास्त उधळले आणि संघ १२वा आला.

पगाराचा आकडा कंपनीज हाउसकडे (ब्रिटनचं सरकारी कंपनी नोंदणी कार्यालय) दाखल होणाऱ्या क्लबच्या वार्षिक हिशेबात फुकट मिळतो. त्यात ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांचेही पगार असतात, तेवढं चालवून घ्या. हिशेबाचं वर्ष ११ किंवा १३ महिन्यांचं असेल तर मात्र १२ वर आणा. मग त्या आकड्याला त्या हंगामातल्या २० क्लबांच्या सरासरीने भागा. नुसते पौंड वर्षावर्षांत तुलनेला येत नाहीत, टीव्हीचा पैसा सगळ्यांचेच पगार फुगवतो.

गुण मैदानावरचे घ्या. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे तक्त्यात ४० दिसतात. दंड म्हणून कापलेले ८ परत मिळवून ४८ लिहा.

परदेशी खेळाडूंची डोकी मोजू नका, मिनिटं मोजा. ३८ सामने × ९० मिनिटं × ११ खेळाडू = ३७,६२०; त्यातला परदेशी वाटा टक्क्यांत काढा. प्रत्येक क्लब लीगकडे नोंदवतो त्या २५ जणांच्या यादीवर इथे हमखास फसगत होते. तिच्यातली ‘होमग्रोन’ नसलेल्या १७ खेळाडूंची मर्यादा राष्ट्रीयत्वावर नाही, २१ वर्षांच्या आत तीन हंगाम इंग्लंड-वेल्समधल्या क्लबकडे नोंदणी होती का यावर आहे. १६व्या वर्षी आर्सेनलला आलेला स्पेनचा फाब्रेगास म्हणूनच होमग्रोन ठरायचा. शिवाय २१ वर्षांखालची मुलं त्या यादीत नसली तरी खेळू शकतात.

आता मोह आवरा: परदेशी टक्केवारी थेट गुणांशी जोडू नका. श्रीमंत क्लबच बाहेरून महाग खेळाडू आणतात, त्यामुळे पैशाचं श्रेय पासपोर्टला जातं. आधी पगाराच्या लॉगॅरिदमवरून (स्प्रेडशीटमधलं LOG सूत्र) गुणांची सरळ रेषा (ट्रेंडलाइन) काढा. प्रत्यक्ष गुण वजा रेषेवरचे गुण, ही जी बाकी उरते, ती परदेशी वाट्याशी ताडून पाहा.

उलटी गडबडही असते. जिंकलेल्या संघाचा बोनस त्याच वर्षीच्या पगारात मिसळतो, म्हणून हाच हिशेब मागच्या हंगामाच्या पगारावर पुन्हा करा. तेव्हा खालच्या लीगमधून नुकतेच वर आलेले तीन संघ वगळा, त्यांचा मागचा पगार त्या लीगमधला असतो. मूळ हिशेबाला निदान दहा हंगाम, म्हणजे एका क्लबच्या एका हंगामाला एक अशा २०० ओळी घ्या. २०१५-१६ चं ८१ गुणांचं लेस्टर रेषेच्या खूप वर दिसेल. ती नोंद चूक समजून पुसू नका.