अकाली गेलेल्या मुलाची आठवण कशी लिहावी: त्याच्या श्रद्धेसह आणि त्याच्या आजारासह

माझा मुलगा २०२३ साली, वयाच्या १७व्या वर्षी आत्महत्येने गेला. त्याआधीची दोन वर्षे तो नैराश्याने आजारी होता, त्याच्यावर उपचार चालू होते, आणि त्याच काळात गळ्यात तुळशीची माळ घालून तो आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत होता. तो गेल्यावर मी त्याच्याविषयी लिहायला बसलो, तेव्हा बराच काळ मला एकही खरे पान लिहिता आले नाही, कारण कागदावर उतरताना तो एक तर बालसंत होई, नाही तर केवळ रुग्ण. घरात जेवणावरून रुसणारा, ताईची ओढणी पखवाजावर झाकायला घेऊन जाणारा आमचा मुलगा त्यात कुठेच नसे. ज्या आईवडिलांवर हीच वेळ आली आहे आणि ज्यांना आपल्या मुलाविषयी काहीतरी लिहून ठेवावेसे वाटते, त्यांच्यासाठी मी चुकत चुकत जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो.

लिहायची घाई करू नये, पण जमवायची घाई करावी. आपल्याकडे तेराव्यानंतर नातेवाईक मायेपोटी घर आवरायला घेतात, कपडे देऊन टाकतात, वह्या रद्दीत जातात, आणि आपण त्या वेळी काही बोलण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून घरातील एका शांत माणसाला सांगून मुलाची एक पेटी बाजूला काढून ठेवावी, आणि तिच्यात काय ठेवायचे हे आज ठरवत बसू नये. मोबाइलकडे मात्र लगेच लक्ष द्यावे. रिचार्ज थांबले की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सअॅपचे खाते १२० दिवस वापरात नसले तर सहसा काढून टाकले जाते. त्याच्या आवाजातील संदेश, फोटो आणि ध्वनिमुद्रणे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत. ती ऐकायची की नाही, हे पुढे कधीही ठरवता येते. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी: ही वस्तू काय आहे, कुठे सापडली, कोणी दिली, कोणत्या तारखेला. आज सगळे लख्ख आठवते असे वाटते, पण वर्षभरात तारखा एकमेकींत मिसळतात.

त्यानंतर माणसांकडे जावे. येथे माझी पहिली चूक झाली. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो, "तो कसा होता?", आणि सगळे एकच उत्तर देत होते, "फार गुणी पोरगं होतं हो." गेलेल्या मुलाच्या बापाला माणसे दुसरे काय सांगणार? उत्तर हवे असेल तर प्रश्न बारीक विचारावा. मग मी मंडळाच्या बुवांना विचारले की, कार्तिकातल्या काकड्याला तो किती वाजता यायचा आणि आल्यावर पहिल्यांदा काय करायचा. बुवा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याला, लावायची कणीक स्वतः मळायचा. दुसऱ्या कोणी मळलेली त्याला चालत नसे, कारण ती सैल झाली तर घुमारा उतरतो. आणि एकदा कणीक मळता मळताच त्याने विचारले होते, "बुवा, देवावर रागावलेलं चालतं का?" बुवांनी त्याला सांगितले, "नामदेवांनी आणि जनाबाईनं आयुष्यभर दुसरं काय केलं?" हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या मुलाने मनातला सर्वांत मोठा प्रश्न मला न विचारता बुवांना विचारला होता, आणि बुवांनी त्याला माझ्यापेक्षा चांगले उत्तर दिले होते.

श्रद्धेविषयी लिहिणे हा या सगळ्यातील सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मुलाची श्रद्धा विशेषणांनी लिहू नये, कृतींनी लिहावी. "तो फार श्रद्धाळू होता" या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही मिळत नाही. मी ते वाक्य खोडून असे लिहिले की, तो संध्याकाळी हरिपाठ म्हणायचा, हरिपाठाचे २७ अभंग त्याला तोंडपाठ होते, आणि ज्या दिवशी त्याचे मन बरे नसे त्या दिवशी तो दहा-बारा अभंगांवरच उठून जायचा व कोणी हाक मारली तरी परत येत नसे. आळंदीला कार्तिकी वारीत त्याने माळ घातली, एकादश्या मनापासून केल्या, आणि एका एकादशीला तालुक्याच्या स्टँडवर त्याने अंडा भुर्जी खाल्ली, हे त्यानेच रात्री आईला रडत सांगितले. ही भुर्जी लिहावी की नाही, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद झाला. अखेर ती राहिली, कारण ती काढली तर रडणेही काढावे लागले असते, आणि त्याची श्रद्धा किती खरी होती हे मला त्या रडण्यातच सर्वांत स्पष्ट दिसते.

तुमचा धर्म, पंथ कोणताही असो, रीत हीच राहते. मूल चर्चमध्ये वाद्यवृंदात असेल, विहारात वंदनेला जात असेल किंवा रोजे धरत असेल, तर त्याने काय केले, कधी सोडले, पुन्हा कधी धरले आणि कोणापाशी त्याबद्दल बोलले, एवढेच लिहावे. त्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. किशोरवयातील श्रद्धा सलग नसतेच. ती भरते आणि ओसरते, आणि आजारी मुलाच्या बाबतीत हे अधिक वेगाने घडते.

दोन वाक्ये मात्र लिहिली गेली असतील तर शोधून काढून टाकावीत. पहिले, "पांडुरंगाने त्याला आपल्याजवळ बोलावून घेतले." सांत्वनाला आलेली माणसे हे प्रेमाने म्हणतात आणि मीही ते पहिल्या मसुद्यात लिहिले होते, पण त्याच मनःस्थितीत असलेले दुसरे एखादे मूल ते वाचेल, तर त्याला ते आमंत्रणासारखे वाटू शकते, हे माझ्या मुलीने मला दाखवून दिले. मृत्यूला सुटका, शांती किंवा देवभेट ठरवणारी भाषा, ती कितीही सुंदर असली तरी, अशा लेखनात ठेवू नये. दुसरे वाक्य याच्या उलट टोकाचे आहे: "त्याची श्रद्धा कमी पडली." नैराश्य हा आजार आहे आणि तो माळकऱ्यालाही होतो. नाम घेऊन साखर उतरली नाही म्हणून मधुमेह झालेल्या वारकऱ्याला कोणी अश्रद्ध म्हणत नाही. मग या मुलांनाही म्हणू नये.

अकाली मृत्यूनंतर घरात विधींचा विषय निघतोच. कोणी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करायला सांगते, कोणी पितृपक्षातील घातचतुर्दशीला श्राद्ध घालायला सांगते. ज्याला त्यातून आधार मिळतो त्याने ते जरूर करावे. आमच्या घरी माझ्या आईच्या इच्छेखातर श्राद्ध केले गेले, आणि पुण्यतिथीला त्याच्या मंडळाने हरिपाठ केला. परंतु लिहिताना ही आपली श्रद्धा आहे, त्याची नव्हे, हा भेद सांभाळावा. मी त्यासाठी वहीची मागची पाने वेगळी ठेवली.

आता आजाराविषयी. तो लपवू नये आणि त्याचे प्रदर्शनही मांडू नये. "लाडाने बिघडला", "डोक्यावर परिणाम झाला", "कोणाचा तरी नाद लागला" अशी गावात फिरणारी वाक्ये आपल्याही लेखणीतून नकळत उतरतात. त्यांच्या जागी जे प्रत्यक्ष पाहिले ते लिहावे. तो पहाटे चारपर्यंत जागा असे, चार-चार दिवस आंघोळ करत नसे, दहावीनंतर त्याने कॉलेजात नाव घातले पण दिवाळीनंतर तो गेला नाही, आणि औषधे सुरू झाल्यावर मधले तीन महिने तो पुष्कळ बरा होता. औषधांची नावे आणि डॉक्टरांपाशी बोललेल्या गोष्टी लिहिण्याची आवश्यकता नाही. माझी कसोटी अशी होती की, जे वाक्य मी त्याच्यासमोर मोठ्याने वाचू शकलो नसतो, ते वहीत ठेवायचे नाही.

कारण शोधण्याचा मोह फार मोठा असतो. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या, आमच्या लोणंदच्या बाजूने पालखी चालत गेली नाही. शाळा बंद, मंडळ बंद, आणि १४ वर्षांचा मुलगा घरात. इथूनच सगळे बिघडले, असे मी पानभर लिहिले होते. मग लक्षात आले की ती दोन वर्षे सगळ्याच मुलांनी काढली. असा मृत्यू एका कारणाने होत नाही, त्यात पुष्कळ गोष्टी एकत्र येतात, आणि एक कारण ठरवले की एक दोषीही ठरतो. मी ते पान फाडले नाही, पण त्यातून "म्हणून" हा शब्द काढला. त्याच्यापुढे २०२२ लिहिले, जेव्हा वारी पुन्हा पायी निघाली आणि चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणात अश्व धावून गेल्यावर त्याने टापांखालची माती उचलून आधी माझ्या कपाळाला लावली आणि मग स्वतःच्या.

मृत्यूविषयी थोडे लिहावे. माझ्या वहीत चार ओळी आहेत: दिवस, वार, वेळ, आणि आम्हाला कोणी कळवले. कसे आणि कुठे हे लिहू नये, मागे ठेवलेला मजकूर असेल तर तो उतरवू नये. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत, आणि घरातील वहीलाही ती लागू पडतात, कारण वही कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. "आत्महत्या केली" या शब्दांत गुन्ह्याचा वास आहे; "आत्महत्येने मृत्यू झाला" असे लिहावे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरतो. कायदा जर एवढे समजून घेतो, तर आईबापांच्या शब्दांनी त्याहून कठोर होऊ नये.

आपल्या चुकाही लिहाव्यात, पण त्या वेळी आपल्याला जेवढे ठाऊक होते तेवढ्यानिशी लिहाव्यात. एका संध्याकाळी तो आईवर ओरडला, वाईट बोलला, आणि मी म्हणालो, "माळ घालून असलं बोलायचं असेल, तर काढून ठेव ती." तो काही बोलला नाही. त्याने माळ काढली, देव्हाऱ्यात विठोबाच्या पायाशी ठेवली आणि खोलीत गेला. नऊ दिवसांनी त्याने ती आपण होऊन पुन्हा घातली. त्या नऊ दिवसांत मी त्याला एकदाही "घाल रे" म्हणालो नाही. मी ते ओझे म्हणून लिहिले नाही आणि त्यावर भाष्यही केले नाही. फक्त जसे घडले तसे लिहिले, कारण देवाशी भांडण्याची मोकळीक त्याला बुवांनी दिली होती आणि मी दिली नव्हती, हे त्याच्या आठवणीत असायलाच हवे.

लिहून झालेली वही सर्वांत आधी भावंडांना द्यावी, आणि त्यांनी काढायला सांगितलेला मजकूर कारण न विचारता काढावा. माझ्या मुलीने दोन ठिकाणी रेघ मारली. ती पाने आता वहीत नाहीत. त्याचे मित्र वाचणार असतील तर एकट्याने वाचायला देऊ नये, जवळ बसावे. पहिल्या पानावर मी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहिला आहे. ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा २४ तास चालू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते. लिहिताना तुमचेच मन फार खाली गेले, झोप उडाली, जगणे नको वाटू लागले, तर वही मिटून त्या क्रमांकावर तुम्हीच बोलावे. मी एकदा बोललो आहे, रात्री दीड वाजता.

वही पूर्ण झाली असे कधी वाटत नाही, म्हणून ती थांबवण्यासाठी एखादे काम नेमून घ्यावे. माझ्यासाठी ते पखवाजाचे काम होते. वाजवून झाले की डाव्या पुडीवरची कणीक काढून टाकायची असते, नाही तर चामडे खराब होते. पण त्याच्या शेवटच्या भजनानंतर ती तशीच राहिली होती, वाळून तडकली होती, आणि तिच्यावर त्याच्या तळहाताचा खोलगट ठसा होता. दोन वर्षे मी तिला हात लावू दिला नाही. गेल्या आषाढात मंडळातल्या एका बारा वर्षांच्या मुलाला वाजवायला पखवाज हवा होता. मी बुवांना घरी बोलावले, पुडीवर ओले फडके ठेवले, कणीक भिजेपर्यंत आम्ही दोघे बसून राहिलो, आणि मग ती हळूहळू सोडवली. तुळशीत घातली. शेवटच्या पानावर तारीख घालून एवढेच लिहिले की, पखवाज दिला, आवाज चांगला आहे, कणीक जरा घट्टच मळावी.